पाळी गेल्यावर अंगावरून जाते? अंगावर काढू नका

पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागते. पाणी पिवळट असते, त्याला वास येतो, ओटीपोट दुखते. सुनेला सांगायला लाज वाटते, मुलाला तर सांगताच येत नाही. 'या वयात आता काय दाखवायचे' म्हणून ती गप्प बसते. काही दिवसांनी पाणी आपोआप थांबते आणि आपण बरे झालो असे तिला वाटते. काही वेळा खरा धोका इथूनच सुरू होतो.

गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. तिचे तोंड खाली योनीमार्गात उघडते आणि आत तयार होणारा स्राव या वाटेने बाहेर पडतो. पाळी गेल्यावर हे तोंड आकसते, काही जणींत जवळजवळ बंदच होते. पिशवीचा किंवा तिच्या तोंडाचा कॅन्सर, कॅन्सरसाठी दिलेले शेक यांमुळेही वाट अडते. कधी वर्षानुवर्षे आत विसरून राहिलेल्या तांबीमुळे जंतुसंसर्ग होतो. वाट बंद झाली की स्राव आत साठतो, त्यात जंतू वाढतात आणि पिशवी पूने भरते. डॉक्टर या आजाराला पायोमेट्रा म्हणतात.

हा आजार क्वचित होतो आणि बहुधा उतारवयातच. त्याहून क्वचित, पण जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे पूने ताणलेली पिशवी फुटणे. मग पू सगळ्या पोटात पसरतो. अचानक जोराची कळ येते, पोट फुगते, फळीसारखे कडक होते, उलट्या होतात, नाडी जलद चालते, घाम येऊन हातपाय गार पडतात. ताप येतोच असे नाही. म्हाताऱ्या माणसांत तो कधी कधी दिसत नाही.

अशा वेळी आतडे किंवा जठर फुटले असावे, असा डॉक्टरांचा पहिला अंदाज असतो, कारण एक्स-रेमध्येही तसेच चित्र दिसू शकते. पुष्कळदा पोट उघडल्यावरच खरे कारण कळते. म्हणून 'महिनाभर अंगावरून घाण पाणी जात होते', 'तांबी बसवली होती, काढल्याचे आठवत नाही', 'कॅन्सरचे शेक घेतले आहेत' हे आपण होऊन डॉक्टरांना सांगा. म्हातारीला ठाऊक असते, पण ती बोलत नाही. तिला जवळ बसून विचारा.

पिशवी फुटली असेल तर तातडीने ऑपरेशन करून पोट धुवावे लागते आणि बहुतेक वेळा पिशवी काढावी लागते. पण त्याआधीच आजार सापडला, तर सोनोग्राफीत तो दिसतो. पिशवीचे तोंड मोठे करून पू काढतात, अँटिबायोटिक देतात आणि कॅन्सर नाही ना हे पाहण्यासाठी आतला तुकडा तपासायला पाठवतात. पू पुन्हा साठू शकतो, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नका.

'दवाखान्यात गेले की पिशवीच काढतात' ही भीती उगाच आलेली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचे आरोप २०१९ मध्ये झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणून दुखणे लपवू नका, प्रश्न विचारा: सोनोग्राफीत काय दिसले? पू काढून भागेल का? तुकडा तपासला का? तातडी नसेल तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. पण पोट कडक झाले असेल, तर दुसऱ्या मतासाठी थांबू नका.

हे लक्षात ठेवा:

• पाळी जाऊन वर्ष झाल्यावर लाल जावो वा पिवळे, एकदा जरी गेले तरी तपासणी करा.

• पाळी गेली की तांबी काढली आहे का, याची खात्री करून घ्या.

• पोटात अचानक जोराची कळ आली तर दुखण्याचे इंजेक्शन घेऊन रात्र काढू नका. १०८ ला फोन करा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. तोवर खायला-प्यायला देऊ नका.

• रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरात आई, सासू, आत्या, मावशी असेल तर आजच तिला विचारा. तिने हसून टाळले, तर आशाताईंना सोबत घेऊन पुन्हा विचारा.