विश्लेषण : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या जागी कर्करोग उगवतो का?

जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या गावातून पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन करायला अनेकदा नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो. पोटावर तीन-चार बारीक टाके, हातात गोळ्यांची पिशवी. काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल मात्र काही दिवसांनी मिळतो आणि तो आणायला पुन्हा एवढ्या लांब कोण जाणार? धोका इथेच आहे.

छिद्राशी गाठ कशी येते?

खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांपैकी साधारण अर्धा ते एक टक्का पित्ताशयांत न कळलेला कर्करोग सापडतो. असे पित्ताशय फाटून पित्त सांडले किंवा ते छोट्या छिद्रातून तसेच ओढून काढले, तर कर्करोगाच्या पेशी पोटाच्या भिंतीत रुजू शकतात.

मग दुर्बीण टाळावी का?

सरसकट नाही. १९९० च्या दशकात आतड्याच्या कर्करोगात अशा गाठी दिसल्या, तेव्हा डॉक्टरही धास्तावले होते. पुढे अमेरिकेत ८७२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमेच्या जागी कर्करोग परतण्याचे प्रमाण दुर्बीण आणि मोठा छेद, दोन्हींत एक टक्क्याहून कमी होते. पित्ताशयाचे तसे नाही. तिथे कर्करोगाची आधीच शंका असेल, तर अनेक सर्जन पोट उघडूनच शस्त्रक्रिया करतात.

काळजी काय घेतात?

पित्ताशय फुटू न देणे आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर काढणे, ही मुख्य खबरदारी. पोटात भरलेला वायूही नळ्या काढण्याआधी त्यांच्यातूनच सोडतात. पूर्वी कर्करोग निघाल्यावर छिद्रांची जागा कापून काढत. त्याने आयुष्य वाढत नाही असे दिसल्याने आता ते सरसकट करत नाहीत.

रुग्णाने काय विचारावे?

काढलेले पित्ताशय बरणीत घालून नातेवाइकांना दाखवतात. ते तपासणीला पाठवले का आणि अहवाल कधी मिळेल, हे तिथेच विचारा. पुन्हा येणे जमणार नसेल तर अहवाल मोबाइलवर मागवा. त्यात कर्करोग निघाला, तर पुढचे मोठे ऑपरेशन लागेल का, हे लवकर ठरवावे लागते.

सुरुवातीचे काही आठवडे टाक्याखाली थोडे घट्ट लागणे नेहमीचे आहे. पण काही महिन्यांनी तिथे कडक, वाढती गाठ जाणवली, तर ती शेकत बसू नका. जुने कागद घेऊन जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात दाखवा आणि दुर्बिणीचे ऑपरेशन झाले होते, हे आधी सांगा.