मोसमी वाऱ्याचे वाटाडे

जून उजाडला की बारामती-इंदापूरचा शेतकरी पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. वारा सुटतो, ढग पळतात; पण पाऊस सह्याद्रीवरच रिता होतो. आपल्या वाट्याला शिंतोडे आणि नीरा-भीमेतून वाहत येईल तेवढं पाणी. लहानपणी मला या वाऱ्याचा रागच यायचा. पुढे कळलं, दोन हजार वर्षांपूर्वी याच वाऱ्याने इजिप्त आणि हिंदुस्थान एकमेकांना जोडले होते.

आपण त्याला 'मोसमी' म्हणतो. मूळ शब्द अरबी, 'मौसिम', म्हणजे ठरलेला हंगाम. खलाशांच्या लेखी तो गलबतं हाकारण्याचा हंगाम. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर भर समुद्र कापून आपला किनारा गाठत. डिसेंबर-जानेवारीत वारा उलटा वाहू लागला की परत फिरत.

ही वाट दाखवली कुणी? ग्रीक ग्रंथकार स्ट्राबो एक गोष्ट नोंदवतो. इसवी सनापूर्वी 118च्या आसपास तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक हिंदी खलाशी अर्धमेल्या अवस्थेत सापडला. सोबती उपासमारीने गेलेले. त्याला इजिप्तच्या राजाकडे नेलं, ग्रीक भाषा शिकवली. मग त्याने हिंदुस्थानची वाट दाखवली आणि युडोक्सस नावाचा ग्रीक त्या वाटेने जाऊन आला. स्ट्राबोला स्वतःला ही गोष्ट पटली नव्हती. पण गंमत पाहा, वाऱ्याला पुढे नाव मिळालं ते हिप्पालस या ग्रीक खलाशाचं. वाटाड्या मात्र बिननावाचाच राहिला.

गोष्ट बाजूला ठेवू. माती काय सांगते ते पाहू. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात एका हिंदी रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली. आपल्याकडचं सागवान निघालं. 2023 साली तिथल्या बुद्धमूर्तीची बातमी आली आणि तिच्यासोबत दोन सातवाहन नाण्यांचीही. सातवाहनांची राजधानी आपलं पैठण!

पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत 'पेरिप्लस' नावाची सफरवही लिहिली. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात येतं, असं तो लिहितो. तगर म्हणजे आजचं तेर. इंदापूरहून टेंभुर्णी, बार्शी ओलांडली की पुढे लागतं.

समुद्र ओलांडणं पाप, असं आपल्याकडच्या काही धर्मग्रंथांत लिहिलेलं आहे. तरीही माणसं गेली. पूर्वजांनी सारं जग शोधलं, अशा फुशारकीची त्यासाठी गरज नाही. मिरीचा एक रांजण आणि दोन नाणी पुरेशी आहेत.

यंदा जूनमध्ये वारा सुटेल तेव्हा पावसाची वाट जरूर पाहा. पण त्या बिननावाच्या खलाशाचीही एकदा आठवण काढा.