न झालेले गोल कोण मोजतो?

 

मागच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी फिरून परत येत होतो. आमच्या ओळीतला तेरा वर्षांचा मुलगा हॉकी स्टिक जमिनीवर आपटत चालला होता. म्हटलं, "काय रे, स्टिकवर कसला राग?" म्हणाला, "आजोबा, सरांनी मला फॉरवर्डमधून काढलं आणि मागे टाकलं. राईट हाफ. आता माझ्याकडे कोण बघणार?"

प्रश्न खरा होता. त्याला तिथल्या तिथे जे उत्तर दिलं, तेच आज जरा सविस्तर तुमच्यासमोर मांडतो.

आधी माझी एक चूक सांगतो. तरुण अधिकारी असताना युनिटच्या हॉकी संघाची निवड माझ्याकडे होती. माझी पद्धत सोपी होती. एक वही केली होती. सरावाच्या प्रत्येक सामन्यात कोणी गोल केला, ते तिच्यात लिहायचं. त्या संघात एक अबोल जवान होता, राईट हाफ खेळायचा. त्याच्या नावापुढे वहीत काहीच नसायचं. मी त्याला सलग दोन मोसम राखीव ठेवला.

एके दिवशी आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "सर, हा ज्या सामन्यांत खेळला, त्यांत समोरच्या लेफ्ट विंगरने किती गोल केले, तेही वहीत बघा की." मी पानं उलटली. एकही नव्हता! मी त्या जवानाला बोलावणं पाठवलं, तेव्हा कळलं की त्याची बदली होऊन तो गेलासुद्धा. वही बरोबर होती, मोजणारा चुकला होता.

आता आपल्या छत्तीसगडच्या एका पोराची गोष्ट. हा पोरगा मात्र वेळेवर कोणाच्या तरी नजरेस पडला.

भिलाईहून हावड्याकडे निघालात की रायपूरनंतरचं मोठं जंक्शन म्हणजे बिलासपूर. ही लाईन जुन्या बंगाल नागपूर रेल्वेची. लोक तिला बी.एन.आर. म्हणत. या बिलासपुरात २५ मार्च १९२७ रोजी एका अँग्लो-इंडियन घरात लेस्ली क्लॉडियस जन्मला. पोराला वेड फुटबॉलचं. बी.एन.आर.च्या खड्गपूरला तो फुटबॉलच खेळत होता.

साल १९४६. कलकत्त्याच्या बेटन कपसाठी खड्गपूरला बी.एन.आर.च्या हॉकी संघाचा सराव चालला होता. बेटन कप म्हणजे १८९५ पासून चालत आलेली, देशातल्या जुन्यांपैकी जुनी स्पर्धा. एकोणीस वर्षांचा लेस्ली मैदानाबाहेर उभा राहून बघत होता. एका संघात एक गडी कमी पडला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेले डिकी कार तिथे होते. त्यांनी या फुटबॉलवाल्या पोराला हाक मारली आणि स्टिक हातात देऊन मैदानात उतरवलं. संख्या भरून काढण्यासाठी!

पण कार यांची नजर जाणत्या खेळाडूची होती. पोराने गोल केला की नाही, हे ते बघत नव्हते. तो उभा कुठे राहतो, चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळतं का, हे ते बघत होते. पोरगा पुन्हा प्रेक्षकांत गेला नाही. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक हॉकी संघातून तो लंडनला गेला.

एक खुलासा करतो. त्या काळी हॉकी खेळण्याचा पगार मिळत नसे. आजच्या हॉकी इंडिया लीगसारखे लिलाव नव्हते. पण रेल्वे, कस्टम्स, पोलीस, फौज हे सगळे चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी देऊन संघात घेत. पोटाची सोय नोकरीतून आणि नाव मैदानावर, असा तो व्यवहार होता. क्लॉडियस पुढे कलकत्ता कस्टम्सचा झाला आणि तिथलाच राहिला.

आता राईट हाफ नेमकं करतो काय? तेव्हाची मांडणी अशी होती: एक गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड. मधले तीन हाफ म्हणजे घराचा उंबरठा. शत्रू आत येताना पहिल्यांदा इथे अडायचा आणि आपला हल्लाही इथूनच सुटायचा. पुढचे पाच धावले की यांनीही मागोमाग जायचं. चेंडू हातचा गेला की सगळ्यांच्या आधी यांनीच परत फिरायचं.

राईट हाफचं दुखणं आणखी वेगळं. हॉकीत डावखुऱ्याची स्टिक नसते. सगळ्यांच्या स्टिकची सपाट बाजू एकाच अंगाला, आणि चेंडू खेळायचा तो त्या सपाट बाजूनेच. समोरचा लेफ्ट विंगर बाजूरेषेला धरून पळत येतो, तो एकदा निसटला की मागे वळून पळणाऱ्या राईट हाफच्या डाव्या हाताला येतो. तिथे स्टिक उलटी फिरवल्याशिवाय चेंडू अडवता येत नाही, आणि उलट्या स्टिकचा जोर कमी. म्हणजे समोरचा निसटला की तो तुमच्या दुबळ्या बाजूलाच असणार. मग उपाय काय? पाय. तो तिथे पोचायच्या आत आपण पोचायचं, म्हणजे स्टिक उलटी करायची वेळच येत नाही. क्लॉडियसचं नाव झालं ते याच गोष्टीमुळे. तो आडदांड नव्हता, अंगावर जात नसे. आधी ओळखायचं, वेळेवर पोचायचं, चेंडू सफाईने काढायचा आणि लगेच पुढच्याला द्यायचा. प्रेक्षकाला वाटायचं, विंगरच चुकला!

आता आकडे बघा. १९५२, हेलसिंकी. अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सवर ६-१ अशी मात केली. त्यातले पाच गोल बलबीर सिंग यांचे. हे अनेकांना तोंडपाठ आहे आणि असायलाच हवं. पण त्या संघाच्या हाफ लाईनमध्ये क्लॉडियस, केशव दत्त आणि गोविंद पेरुमल होते, हे किती जणांना सांगता येईल? १९५६, मेलबर्न. भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले. आपल्यावर किती झाले? शून्य. अंतिम सामना पाकिस्तानशी झाला आणि आपण तो एका गोलाने जिंकला. बचाव भक्कम नसता, तर तो एकुलता एक गोल पुरला असता का?

१९६० मध्ये रोमला क्लॉडियस कर्णधार होता. ऑलिम्पिकमध्ये सलग सहा सुवर्णपदकं भारताकडे आली होती. अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तान समोर आला. या वेळी एकुलता एक गोल त्यांचा झाला आणि ती साखळी तुटली. मंडळी, बचाव करणाऱ्याच्या वाट्याला हेही येतं. त्याने अडवलेले शंभर चेंडू कोणी लिहून ठेवत नाही. सुटलेला एक मात्र इतिहासात जातो.

तरी हिशेब बघा: तीन सुवर्ण, एक रौप्य. ऑलिम्पिक हॉकीत इतकी पदकं मिळवणारा त्यांच्या जोडीचा भारतीय एकच, उधम सिंग. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्यात ते गेले. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकनिमित्त तिथल्या भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा काढला होता. त्यात स्टेशनांना ऑलिम्पिक वीरांची नावं दिली होती. एका स्टेशनवर नाव होतं लेस्ली क्लॉडियस. आपण मात्र बिलासपूरला गाडी थांबली की चहा घेतो आणि पुढे जातो.

आज खेळ बदलला आहे. गवत जाऊन टर्फ आलं, मांडणीही बदलली. पण बचावाचं मोल आहे तेवढंच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचा उपांत्यपूर्व सामना आठवा. ग्रेट ब्रिटनविरुद्ध आपल्या अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. चाळीसहून जास्त मिनिटं भारत दहा जणांनिशी लढला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआऊटमध्ये जिंकला. पण पुढचा सामना खेळायला रोहिदासला बंदी होती. जर्मनीविरुद्धच्या त्या उपांत्य सामन्यात आपण २-३ असे हरलो. एक बचावपटू संघात नसला की त्याची किंमत कळते.

म्हणून पालकांना आणि गावोगावच्या प्रशिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. पुढचा सामना बघाल, तेव्हा दहा मिनिटं चेंडूवरची नजर काढा. एकाच बचावपटूकडे बघा. चेंडू लांब असताना तो कुठे सरकतो? आपला साथीदार पुढे गेला की त्याची रिकामी जागा कोण भरतं? चेंडू काढून घेतल्यावर तो नुसता भिरकावतो, की आपल्या माणसाला शोधून देतो? आणि शेवटचं: चूक झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहतो, की आधी मागे पळतो? या चार गोष्टी ज्याच्यात दिसतील, त्याचं नाव वहीत लिहा. गोलांच्या रकान्याशेजारी न झालेल्या गोलांचाही एक रकाना आखा. माझ्या वहीत तो नव्हता.

शेजारचा मुलगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे क्लॉडियस आपल्या इथलेच?" म्हटलं, "इथलेच. याच रेल्वेलाईनवरचे." काही न बोलता तो स्टिक खांद्यावर टाकून घरी गेला. परवा सकाळी खिडकीतून पाहिलं, तर धाकट्या भावाला समोरून पळत यायला लावून तो स्वतः मागे सरकण्याचा सराव करत होता.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर, जय हिंद.