रक्तपेशींची निर्मिती आणि अधिजनुकीय उपचार

अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स निर्माण होतात. या पेशींचा जनुकीय वारसा मूलतः एकच असतो. मात्र कोणते जनुक कार्यरत राहावे व कोणते मूक व्हावे, हे डीएनएवरील मिथिल गटांच्या खुणा व हिस्टोन प्रथिनांतील बदल ठरवितात. यालाच अधिजनुकीय म्हणजेच एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात. टेट२ वा डीएनएमटी३ए या जनुकांत उत्परिवर्तन झाल्यास ही व्यवस्था बिघडते. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या विकारात पेशी विपुल असूनही परिपक्व होत नाहीत.

उत्परिवर्तन औषधाने पुसता येत नाही. मिथिलची खूण पुसता येते. अ‍ॅझासायटिडीन हे औषध प्रारंभी केवळ पेशीनाशक मानले जाई. ते मिथिलीकरण रोखते, हे १९८० मध्ये जोन्स व टेलर यांनी दाखविले. अमेरिकेत २००४ मध्ये त्यास मान्यता मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र जोखमीच्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान प्रचलित उपचारांनी १५, तर या औषधाने २४.५ महिने आढळले.

तथापि खूण जशी पुसता येते, तशी ती पुन्हा उमटतेही. औषध थांबविल्यास विकार बहुधा परततो. म्हणूनच पूर्ण रोगमुक्तीसाठी आजही मूलपेशी प्रत्यारोपणाचाच आधार घ्यावा लागतो.