अंधार खेळातला की पडद्यातला?

'काहीच दिसत नाही यार!' संगणकावर गेम खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग पहिला हात जातो तो गेमच्या सेटिंग्जमधल्या ब्राइटनेसच्या पट्टीकडे. पट्टी शेवटपर्यंत सरकवली की कोपऱ्यात दबा धरून बसलेला शत्रू दिसतो खरा, पण आकाश पांढरंफटक पडतं आणि रात्रीचा प्रसंग भरदुपारी धुकं उतरल्यासारखा भुरकट होतो.

कारण ती पट्टी पडद्याचा उजेड वाढवतच नाही. बहुतेक गेममध्ये ती गामा, म्हणजे छटा आणि उजेड यांच्यातला हिशेब, बदलते. जुन्या काचेच्या सीआरटी पडद्यांत विजेचा दाब दुप्पट केला म्हणून उजेड दुप्पट होत नसे. तो साधारण 2.2 ते 2.5 च्या घाताने वाढे. पडदे बदलले, हिशेब तोच राहिला. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये पुढे आणलेलं एसआरजीबी हे मानकही त्याच वळणाचं. त्यामुळे 0 ते 255 या छटांतली 128 ही मधली छटा कमाल उजेडाच्या जेमतेम 22 टक्के उजेड देते. 16 क्रमांकाची छटा तर एक टक्काही देत नाही. भुयारं, जंगलं, तळघरं, सगळं या खालच्या चिमूटभर छटांत कोंबलेलं असतं. गामा वाढवला की या छटा वर ढकलल्या जातात आणि वरच्या छटांची दाटी होते. काळा मुळात गडद नसेल, तर गामा त्याला गडद करू शकत नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधावं. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. गेम चालू असताना विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणं एकत्र दाबा आणि तो स्क्रीनशॉट मोबाइलवर पाहा. तिथेही अंधारगुडुप असेल तर गेमची रचनाच तशी आहे. मोबाइलवर सगळं नीट दिसत असेल तर घोळ गेमच्या पुढे आहे: ग्राफिक्स कार्डात, केबलवरून जाणाऱ्या सिग्नलात किंवा मॉनिटरमध्ये. (एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवण्याची सोय, चालू असताना मात्र ही परीक्षा फसवते. आधी ते बंद करा.)

लॅपटॉपवर खेळत असाल तर सगळ्यात आधी संशय घ्यावा तो बॅटरी वाचवणाऱ्या सोयींचा. इंटेलची डिस्प्ले पॉवर सेव्हिंग आणि एएमडीची व्हॅरी-ब्राइट या दोन्ही सोयी पडद्यावरचं चित्र पाहून मागचा दिवा कमी-जास्त करतात. गुहेत शिरलात की उजेड आपोआप उतरतो, बाहेर आलात की चढतो आणि खेळणारा गेमला शिव्या घालतो. विंडोज 11 मध्ये डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये ब्राइटनेसखाली, पडद्यावरच्या चित्रानुसार उजेड बदलण्याचा पर्याय असतो. तो बंद करावा. काही लॅपटॉपवर हीच सोय ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्येही वेगळी असते, तिथेही पाहावं.

एचडीएमआय केबलने टीव्ही जोडला असेल तर गोष्ट निराळी. टीव्हीच्या जगात काळा 16 वर आणि पांढरा 235 वर धरतात; संगणकात 0 आणि 255 वर. कार्डाने पूर्ण पल्ला पाठवला आणि टीव्हीने तो मर्यादित समजला, तर 16 च्या खालच्या सगळ्या छटा सपाट काळ्या होतात. उलट झालं तर काळा राखाडी दिसतो. अशा वेळी गेमच्या पट्टीशी कितीही झटापट केली तरी उपयोग शून्य. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आणि एएमडीमध्ये 'पिक्सेल फॉरमॅट' असा पर्याय असतो. कार्ड आणि टीव्ही दोन्हीकडे एकच पल्ला निवडा.

नेट कॅफेत वाढलेली पिढी आता नव्या लॅपटॉपवर जुने गेम परत काढते, तेव्हा वेगळीच गंमत होते. 1999 च्या 'क्वेक 3'सारखे गेम स्वतःचं चित्र उजळत नसत. विंडोजला सांगून ग्राफिक्स कार्डातला गामाचा तक्ताच बदलून टाकत. फुलस्क्रीनमध्ये हे चालतं, खिडकीत खेळलं की चित्र काळवंडतं. म्हणून आधी गेम फुलस्क्रीन करून पाहा. तरी जमलं नाही तर गेमच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली 'डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स'वर खूण करा. असा गेम मध्येच कोसळला तर डेस्कटॉप भगभगीत राहतो. घाबरू नका, पडदा गेलेला नसतो. गेम उघडून रीतसर बंद करा किंवा संगणक रीस्टार्ट करा.

काही अंधार मात्र मुद्दाम केलेला असतो. 2004 च्या 'डूम 3'मध्ये एका वेळी टॉर्च तरी धरायची, नाहीतर बंदूक. चाहते वैतागले आणि त्यांनी बंदुकीलाच टॉर्च चिकटवणारा 'डक्ट टेप' मॉड काढला. 2012 च्या आवृत्तीत कंपनीनेही टॉर्च चिलखतावर बसवून टाकली. माझं मत विचाराल तर मूळ खेळच जास्त भीतिदायक होता. असे गेम सुरुवातीला एक चिन्ह दाखवून 'ते जेमतेम दिसेल इतपत पट्टी सरकवा' असं सांगतात. ते ऐकावं, आणि तेही खोलीतली ट्यूबलाइट बंद करून.

राहिलं एचडीआर. एचडीआर10 चं गणित 10,000 निट्सपर्यंत उजेड मोजतं, पण डिस्प्लेएचडीआर 400 या पायरीच्या मॉनिटरला फक्त 400 निट्स गाठायचे असतात. मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची सोयही त्याला सक्तीची नाही. शिवाय विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं की साधे गेम अनेकदा फिके दिसतात. चांगला ओलेड पडदा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एचडीआर कॅलिब्रेशन ॲपमधून कमाल उजेड नीट बसवून घ्या. मॉनिटर स्वस्तातला असेल तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, एचडीआर बंदच ठेवा.