मुलींच्या आवाजाचा बोलपट

रेडिओवर आपण एकमेकींना आवाजावरूनच ओळखतो. म्हणून आज आम्ही एका अशा चित्रपटाची गोष्ट सांगणार आहोत, जिच्यात मुलीच्या आवाजाचीच शाळेला भीती वाटते.

१९३१ साली आपल्याकडे ‘आलम आरा’ बोलू लागला. त्याच वर्षी जर्मनीत ‘मेडशेन इन युनिफॉर्म’, म्हणजे ‘गणवेशातल्या मुली’, हा बोलपट आला. मूळ नाटक क्रिस्टा विन्स्लो यांचं, दिग्दर्शन लिओन्टिने सागान यांचं. पडद्यावर एकही पुरुष नाही! कलाकार-तंत्रज्ञांनी नफ्यात वाटा ठरवून, सहकारी पद्धतीनं तो काढला. बचत गटातल्या बायकांना हे नवल वाटणार नाही.

आई वारलेली १४ वर्षांची मान्युएला पोट्सडॅमच्या बोर्डिंगात येते. लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींची ही शाळा. शिस्त कडक, पोटभर जेवण नाही. भुकेबद्दल घरी चोरून पत्र लिहिणाऱ्या मुलीला शिक्षा होते. मायेनं वागतात त्या एकट्या फॉन बेर्नबुर्ग बाई. मान्युएलाची शमीज फाटलेली पाहून त्या तिला स्वतःची देतात. पोर जीव टाकते त्यांच्यावर, आणि हे प्रेम आईच्या मायेपुरतं नाही, तेही सांगायला हवं.

शाळेत शिलरचं ‘डॉन कार्लोस’ नाटक होतं. मान्युएला नायक होते, वाहवा मिळवते. मग दारू मिसळलेलं सरबत पिऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगून टाकते, माझं बाईंवर प्रेम आहे. मुख्याध्यापिका नेमक्या दारात उभ्या! शिक्षा काय, तर कोणीही तिच्याशी बोलायचं नाही.

चित्रपटाला नुकताच कंठ फुटला होता. तेव्हा अबोल्याचा एवढा उपयोग करणं आम्हाला फार मोठं वाटतं. मान्युएला उंच जिना चढत जाते, जीव द्यायला. मुली हुकूम मोडतात. मजल्यामजल्यावरून तिच्या नावाच्या हाका घुमतात आणि कठड्यापलीकडे गेलेल्या तिला मैत्रिणी ओढून घेतात. नाटकात ती मरते, चित्रपटात वाचते. मुख्याध्यापिका एक शब्द न बोलता जिना उतरतात. बाहेर बिगूल वाजत असतो.

पुढे नाझी सत्तेवर आले आणि चित्रपटावर बंदी आली. सागान यांनी जर्मनी सोडली. नंतर त्यांनी दक्षिण आफ्रिकेत नाटकं बसवली.