घरचं सुरक्षा प्रशिक्षण आणि बाहेरची मान्यता

एका रसायन कारखान्यात टाकीत उतरणाऱ्यांचा प्रशिक्षण वर्ग मी घेत होतो. शेवटी वीस प्रश्नांचा पेपर. ठेकेदाराकडचा झारखंडचा एक मुलगा कोरा कागद समोर ठेवून बसून राहिला, कारण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. प्रात्यक्षिकाला मात्र त्याने हार्नेसचा प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, गॅस डिटेक्टर आधी मोकळ्या हवेत सुरू केला आणि मग नळी टाकीच्या तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी सोडून तिन्ही ठिकाणी आकडे घेतले. पेपरात पहिल्या आलेल्या दोघांनी आकडे फक्त तोंडाशी घेतले होते. हवेपेक्षा जड वायू तळाशी साचतात, हे त्यांनी पेपरात बरोबर लिहिलं होतं. आमच्या नियमानुसार ते दोघे पास झाले आणि तो मुलगा नापास.

पुढे हाच कोर्स बाहेरच्या संस्थेकडून मान्य करून घ्यायचं ठरलं. तेव्हा मान्यतेबद्दल शॉप फ्लोरपासून एचआरपर्यंत किती चुकीच्या समजुती आहेत ते कळलं.

‘बाहेरचा शिक्का नसेल तर घरचं प्रशिक्षण कायदा मानत नाही.’ ही सगळ्यात पक्की समजूत. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातून आलेल्या कलम १११-ए ने कामगाराला प्रशिक्षणाचा हक्क दिला, तोही शक्य असेल तिथे कारखान्यातच. ते जमणार नसेल तर मालकाने त्याला मुख्य निरीक्षकाने मान्यता दिलेल्या संस्थेत पाठवायचं. म्हणजे घरचं प्रशिक्षण आधी, बाहेरचं नंतर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० ने घेतली आहे. तिच्यातही माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाचीच जबाबदारी आहे.

अपवाद आहेत आणि ते ठाऊक असायला हवेत. जुन्या कायद्याच्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागायची, आणि ती सांभाळणाऱ्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागायचं. बॉयलर अटेंडंट आणि वायरमन यांनाही सरकारी परीक्षा किंवा परवान्यातून जावं लागतं. आपला कोर्स कितीही नामांकित संस्थेने मान्य केलेला असला, तरी तो या परवान्यांची जागा घेऊ शकत नाही.

‘आपल्याकडे आयएसओ ४५००१ आहे, म्हणजे कोर्सही मान्य.’ नाही. २०१८ चं हे मानक सुरक्षेच्या व्यवस्थापन पद्धतीबद्दल आहे. माणसं कामाला सक्षम आहेत याची खात्री करा आणि तसा पुरावा ठेवा, एवढं ते सांगतं. ऑडिटर हजेरीपत्रक बघतो, नोंदी तपासतो. तुमचा टाकीचा कोर्स चांगला आहे की नाही, यावर तो शिक्कामोर्तब करत नाही. आणि आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात.

‘मान्यता घ्यायची म्हणजे आपला कोर्स टाकून त्यांचा विकत घ्यायचा.’ या भीतीने कितीतरी चांगले सेफ्टी ऑफिसर मागे सरतात. तयार कोर्स विकणाऱ्या संस्था आहेत, हे खरं. पण ब्रिटनमधल्या आयओएसएच आणि नेबॉशसारख्या संस्था कंपनीने स्वतः रचलेला कोर्सही तपासून मान्य करतात. कोर्स आपलाच राहतो, पण त्याची झाडाझडती होते.

आमची झाली ती पहिल्याच पानापासून. उद्दिष्ट म्हणून आम्ही लिहिलं होतं, ‘कामगाराला बंदिस्त जागेतील धोक्यांची जाणीव होईल.’ तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, जाणीव झाली हे तुम्ही ओळखणार कसं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ते वाक्य असं झालं: ‘कामगार तीन पातळ्यांवर वाचन घेऊन दाखवेल आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर असेल तर उतरायला नकार देईल.’ या एका वाक्याने परीक्षाच बदलली. प्रात्यक्षिकात पास होणं सक्तीचं झालं. वाचता न येणाऱ्याची परीक्षा तोंडी, त्याच्या भाषेत. ज्याने शिकवलं त्यानेच गुण द्यायचे नाहीत, हेही ठरलं, आणि ते मला सुरुवातीला जड गेलं. निकाल पटला नाही तर कामगाराने कोणाकडे जायचं, हेसुद्धा लिहून द्यावं लागलं. इतक्या वर्षांत ते आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

माझ्या मते मान्यतेसाठी पैसे आणि वेळ घालवायचा तो या प्रश्नांसाठी. लोगो नंतर येतो.

‘मान्यता मिळाली की अपघाताची जबाबदारी त्या संस्थेची.’ अजिबात नाही. जबाबदारी मालकावरच राहते. मान्यतेचं पत्र सांगतं की कोर्स नीट रचलेला आहे. त्या दिवशी त्या टाकीवर परमिट देताना गॅस तपासला होता का, हे ते सांगू शकत नाही.

‘परदेशी नाव असलं की निर्धास्त.’ ब्रिटनच्याच सुरक्षा नियामक संस्थेने, एचएसईने, १ ऑक्टोबर २०१३ पासून प्रथमोपचार शिकवणाऱ्या संस्थांना मंजुरी देणं थांबवलं. संस्था योग्य आहे का, हे मालकाने स्वतः पारखून घ्यायचं. आपल्याकडेही तेच करावं लागतं. ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, व्यावसायिक शिक्षणासाठी एनसीव्हीईटी आहे, आणि नुसती फी घेऊन रंगीत प्रमाणपत्र धाडणारेही आहेत. पैसे भरण्याआधी विचारा: वर्गात येऊन बसणार का? प्रशिक्षकाची पात्रता बघणार का? सोडवलेले पेपर मागवणार का? तिन्हींना ‘गरज नाही’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा.

पत्र हातात आलं की नीट वाचा. मान्यता एका कोर्सला असते, त्याच्या ठरावीक आवृत्तीला आणि ठरावीक मुदतीपुरती. प्लांटमध्ये नवं रसायन आलं आणि कोर्स बदलला, तर ते कळवावं लागतं. आमचा टाकीचा कोर्स आता मान्य आहे. फोर्कलिफ्टचा अजून नाही, म्हणून त्याच्या प्रमाणपत्रावर आम्ही तो लोगो छापत नाही. झारखंडच्या त्या मुलाने पुढच्या तुकडीत हिंदीतून तोंडी परीक्षा दिली आणि तो पास झाला. आता प्रात्यक्षिकाच्या वेळी नवीन मुलांना नळी तळापर्यंत कशी सोडायची, हे तोच दाखवतो.